खिशातली हत्यारपेटी

आखातातून सुट्टीवर घरी जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत काय काय असायचे, हे जुन्या वाचकांना सांगायला नकोच. नायलॉनच्या साड्या, टू-इन-वन, अत्तराच्या बाटल्या, टँगचा डबा, दुधाची पावडर, एखादी मोठी टॉर्च. आणि मेव्हण्यासाठी नाहीतर पुतण्यासाठी एक लाल मुठीचा स्विस चाकू. साड्या नेसून विटल्या, टँग पहिल्या आठवड्यातच संपला, टू-इन-वन दुरुस्तीला गेला तो परत आलाच नाही. चाकू मात्र बहुतेक घरांत अजून आहे, आणि जसा नेला तसाच आहे. शोकेसमध्ये काचेच्या बाहुलीशेजारी, नाहीतर कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत. "फॉरेनचा आहे, खराब होईल" म्हणून त्याला कोणी हात लावलेला नाही.

वाचकहो, या चाकूचे याहून मोठे दुर्दैव दुसरे नाही. ज्या वस्तूला दहा कामे येतात, तिला एकही काम सांगायचे नाही, म्हणजे घरी आलेल्या कारागिराला पाटावर बसवून नुसती आरती ओवाळण्यासारखे आहे! मी स्वतः चाळीस वर्षांहून अधिक काळ असा एक चाकू वापरीत आलो आहे. तो कुवेतमध्ये माझ्याबरोबर होता, मधल्या पडत्या काळात गावी होता आणि आता मुलाकडे शारजाला राहतो तेव्हाही आहे. त्याच्या जिवावर जे शिकलो ते चार शब्दांत सांगावे, आणि जमल्यास आपापल्या कपाटातला चाकू बाहेर काढायला वाचकांना भाग पाडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

शिपायाचा चाकू, साहेबाचा चाकू

प्रथम थोडा इतिहास. स्वित्झर्लंडच्या श्वीझ प्रांतात ईबाख नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे कार्ल एल्सनर या कारागिराने १८८४ साली चाकू-सुऱ्यांचा कारखाना काढला. त्या सुमारास स्विस लष्कराला आपल्या शिपायांसाठी एक घडीचा चाकू हवा होता. कारण अगदी व्यवहारातले होते. शिपायांच्या हाती नवी १८८९ची रायफल आली होती, ती उघडून साफ करायला स्क्रू-ड्रायव्हर लागे. आणि शिधा हवाबंद डब्यांतून येऊ लागला होता, ते डबे फोडायला काहीतरी लागे. म्हणून चाकूत चार गोष्टी आल्या : एक पाते, एक स्क्रू-ड्रायव्हर, डबा उघडायचे पाते आणि भोक पाडायची आरी. गंमत अशी की, स्विस लष्कराचे हे पहिले चाकू आले जर्मनीतल्या झोलिंगेनहून! आपल्या देशाच्या शिपायाचा चाकू आपल्याच देशात व्हावा, या ईर्ष्येने एल्सनर झटला आणि १८९१ साली त्याने आपला पहिला पुरवठा केला. झोलिंगेनचा माल स्वस्त पडे, त्यामुळे या धंद्यात सुरुवातीला त्याला नुकसान सोसावे लागले. पण त्याने तो सोडला नाही.

शिपायाचा चाकू मजबूत होता, पण जड होता. एल्सनरने साहेब लोकांसाठी एक हलका, देखणा चाकू काढला. १२ जून १८९७ रोजी त्याची नोंदणी झाली. यात आणखी एक लहान पाते आणि बाटलीचे बूच काढायचे मळसूत्र आले. खरी करामत मात्र आत होती. एकाच स्प्रिंगने पाठीच्या दोन्ही बाजूंची हत्यारे सांभाळायची, ही त्याची युक्ती. त्यामुळे दोन स्प्रिंगांवर सहा हत्यारे बसली आणि जाडी वाढली नाही. आजही लाल चाकू उघडून पाहिला तर हीच रचना दिसेल. लष्कराने हा चाकू अधिकृतपणे कधीच कोणाला दिला नाही. अधिकाऱ्यांनी तो आपल्या पैशाने घेतला. आणि आपण ज्याला 'स्विस आर्मी'चा लाल चाकू म्हणतो, तो स्विस शिपायाच्या खिशात सरकारी खर्चाने आलेला नाही. त्याचा चाकू आधी लाकडी मुठीचा, पुढे १९६१ पासून चंदेरी ॲल्युमिनियमचा आणि २००८ नंतर हिरव्या-काळ्या मुठीचा. बूच काढायचे मळसूत्र शिपायाला कधीच मिळाले नाही.

१९०९ साली एल्सनरची आई वारली. तिचे नाव व्हिक्टोरिया. तेच त्याने मालाला दिले. पुढे १९२१ च्या सुमारास न गंजणारे पोलाद आले, त्याला फ्रेंचमध्ये 'इनॉक्स' म्हणतात. आईचे नाव आणि पोलादाचे नाव जोडून 'व्हिक्टोरिनॉक्स' झाले. दुसरा कारखाना वेंगर, देलेमाँ गावचा. १९०८ पासून लष्कराने दोघांना निम्मेनिम्मे काम वाटून दिले. हा वाटा जवळजवळ शंभर वर्षे चालला. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली. 'स्विस आर्मी नाइफ' हे नाव तर स्विस लोकांचे नव्हेच. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात असलेल्या अमेरिकन शिपायांनी हे चाकू घरी नेले. मूळचे लांबलचक जर्मन नाव त्यांच्या जिभेला वळेना, म्हणून त्यांनी हे सोपे नाव पाडले. तेव्हा परदेशातून घरी जाताना हा चाकू भेट म्हणून नेण्याची चाल आपल्या आधी त्यांनी पाडली, असे म्हणायला हरकत नाही.

विळी आणि खवणी

एका वस्तूत अनेक हत्यारे ही कल्पना आपल्याला नवी आहे, असे मात्र समजू नये. कोकणातल्या कोणत्याही घरातली विळी पाहा. पात्याने भाजी चिरायची, टोकाच्या खवणीने नारळ खवायचा आणि पाटावर बसून दोन्ही हात मोकळे ठेवायचे. आमच्या आजोबांच्या चंचीत अडकित्ता असे, आणि चंचीच्याच दोरीला चांदीचे कानकोरणे आणि दातकोरणे एका कडीत अडकवलेले असे. काटा रुतला की गावातली मुले त्यांच्याकडेच धावत. लाल चाकूच्या मुठीत चिमटा आणि दातकोरणे पाहिले तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ही चंचीच.

फरक आहे तो चाकू या शब्दाच्या लौकिकात. मुंबईत वाढलेल्या माणसाला चाकू म्हटले की हिंदी सिनेमातला रामपुरी आठवतो. बटण दाबले की खटकन उघडणारा. हा स्विस चाकू त्या जातीचा नव्हे. याचे पाते नखाच्या खाचेत नख घालून, दोन्ही हातांनी, सावकाश उघडावे लागते. याने मारामारी करायची म्हटले तर पाते बाहेर येईपर्यंत समोरचा घरी जाऊन जेवून येईल!

कोणते हत्यार कशाला

मी माझा चाकू १९८२ साली कुवेतच्या मुबारकिया बाजारात घेतला. एअरकंडिशनिंगच्या देखभालीचे माझे काम. कामावर मोठी हत्यारपेटी असायचीच. पण पेटी कामावर राहते आणि अडचण घरी येते. चाकू मिटला की ९१ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंच. वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. मोठे पाते, लहान पाते, कात्री, करवत, डबा उघडायचे पाते, बाटलीचे झाकण उघडायचे पाते, मळसूत्र, आरी, चिमटा आणि दातकोरणे. घ्यायला निघालेल्याने याहून फार मोठा घेऊ नये, असे माझे मत आहे. १९८५ साली निघालेल्या 'स्विस चॅम्प'ला ३३ कामे येतात, पण तो खिशात ठेवला की पायजमा एका बाजूला ओढला जातो; आणि जो चाकू जड म्हणून घरी राहतो, त्याला ३३ कामे येऊन उपयोग काय?

आता एकेक हत्यार घेऊ. मोठे पाते अन्नासाठी आणि लहान पाते इतर कामांसाठी, ही वाटणी पहिल्या दिवसापासून करावी. खोक्याची चिकटपट्टी ज्या पात्याने कापली त्यानेच हापूस चिरू नये. डिंक पात्याला बसतो आणि मग आंब्याला खोक्याचा वास येतो.

डबा उघडायचे पाते डब्याच्या काठाखाली अडकवून वर-खाली करीत पुढे पुढे न्यायचे. वेंगरचे उलटे, आपल्याकडे ओढत आणायचे. पण या पात्याचे खरे महत्त्व त्याच्या टोकात आहे. ते टोक चपटे, बारीक असल्याने फुलीच्या स्क्रूत बसते. वाचकहो, मराठी घरात वर्षानुवर्षे ढिला असलेला स्क्रू कोणता? प्रेशर कुकरच्या मुठीचा! किती कुटुंबांत मी गेलो आणि जेवण होईपर्यंत कुकरची मूठ घट्ट करून दिली, याची मोजदाद नाही. बाटली उघडायच्या पात्याचे टोक मोठ्या सपाट स्क्रूसाठी. आणि त्याच्या बुडाशी जी लहान खाच असते ती विजेच्या तारेवरचे प्लॅस्टिक सोलायला. मिक्सरचा प्लग बदलायचा तर एवढे पुरे. पण आधी वीज बंद करावी हे सांगायला हवेच.

आरी चपला-पट्ट्यांसाठी तर आहेच, पण आपल्या घरात तिचे मोठे काम नारळाशी. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. तो आरीने टोचून पाणी भांड्यात घ्यावे आणि मग नारळ फोडावा. चाकूने नारळ फोडण्याचा प्रयत्न मात्र कोणी करू नये. करवत दिसायला खेळण्यातली, पण मनगटाएवढी फांदी सहज कापते. गणपतीच्या मखराच्या पट्ट्या, दिवाळीतल्या आकाशकंदिलाच्या काड्या, तुळशीच्या लग्नाचा ऊस, ही सगळी तिची खाती. कात्री कंदिलाचा कागद कापते, दुधाची पिशवी उघडते आणि प्रवासात मिशी सारखी करते. चिमट्याचे मोल खजुराच्या झाडाचा काटा बोटात गेलेल्या माणसाला विचारावे.

राहता राहिले बुचाचे मळसूत्र. माझ्या चाकूचे आयुष्य गेले कुवेत आणि शारजा या दोन ठिकाणी, दोन्हीकडे दारूबंदी. त्यामुळे चाळीस वर्षांत या मळसूत्राने एकही बूच काढलेले नाही. इतका निर्व्यसनी चाकू खुद्द ईबाख गावातही सापडणार नाही! पण ते रिकामे बसलेले नाही. ओल्या सुतळीची करकचून बसलेली गाठ सोडवायला त्याच्यासारखे हत्यार नाही. टोक गाठीत घालून फिरवले की गाठ सैल होते. शिवाय त्याच्या वेटोळ्यात बसणारा एक इवलासा स्क्रू-ड्रायव्हर वेगळा मिळतो. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू त्याने बसतो. पन्नाशीनंतर चाकूतले सर्वांत जास्त चालणारे हत्यार हेच, हे अनुभवाने सांगतो.

१९९० चा उन्हाळा

एवढ्यावर चाकूची गोष्ट संपली असती तर ती हौसेची गोष्ट ठरली असती. पण २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि तेथल्या लाखो परदेशी माणसांसारखे आम्हीही एका दिवसात निराधार झालो. तेव्हा कुवेतमध्ये सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. बँका बंद, पगार बंद, दुकाने रिकामी. काही आठवड्यांनी आम्ही ओळखीच्या काही जणांनी मिळून बसची सोय केली आणि बसरा-बगदादच्या रस्त्याने जॉर्डनच्या सरहद्दीकडे निघालो. दर माणशी एक बॅग. आठ वर्षांत जमवलेले सामान, टीव्ही, फ्रिज, गावी न्यायला बांधून ठेवलेली खोकी, सगळे खोलीत ठेवून दाराला कुलूप लावले. ते कुलूप पुन्हा उघडायला मी गेलो नाही.

एका तपासणी नाक्यावर शिपायाने माझे खिसे रिकामे करायला लावले. चाकू निघाला तेव्हा बसमध्ये सगळे गप्प झाले. त्याने एकेक पाते उघडून पाहिले, मुठीतले दातकोरणे ओढून काढले, हसला, परत जागेवर बसवले आणि चाकू माझ्या हातात दिला. माझा अंदाज असा की, ज्या हत्यारात दातकोरणे आहे ते हत्यार धोक्याचे नव्हे, असे त्याला वाटले असावे.

जॉर्डनच्या हद्दीवर रुवेशिदच्या बाजूला वाळवंटात तंबूंच्या छावण्या होत्या. दिवसा ऊन, रात्री गारठा आणि पाण्याच्या टँकरची वाट. मदत म्हणून आलेल्या खाद्यपदार्थांत हवाबंद डबे असत, आणि ते उघडायला आमच्या आसपासच्या तंबूंत कोणाजवळ काही नसे. लोक दगडावर आपटून डबे फोडीत आणि हात कापून घेत. माझ्याजवळ चाकू आहे हे कळल्यावर संध्याकाळी रांग लागू लागली. "भाईसाब, वो चाकू?" एवढेच शब्द. मल्याळी, पंजाबी, आंध्रातले मजूर, श्रीलंकेच्या घरकामाच्या बायका, सगळे त्या रांगेत. दिवसाला चाळीस-पन्नास डबे उघडून अंगठ्याला घट्टा पडला. पुढे आम्ही तिघांनी पाळ्या लावल्या.

डबे उघडण्याएवढीच इतरही कामे निघाली. प्लॅस्टिकच्या कॅनचा वरचा भाग कापला की बादली होते. ताडपत्रीच्या काठाला आरीने भोके पाडून दोरी ओवली की वाऱ्याने ती उडत नाही. तुटलेल्या चपलेच्या पट्ट्याला भोक पाडून तारेने बांधले की माणूस तापलेल्या वाळूवर चालू शकतो. आमच्या बसमध्ये एक केरळची नर्स होती. ती कात्री उकळून घेई आणि बँडेज कापायला वापरी. रत्नागिरीकडच्या एक बाई कुवेतच्या शाळेत शिकवीत. त्यांनी त्याच चाकूने पेन्सिलींना टोके करून मुलांचा वर्ग भरवला. चाकू दिवसभर माझ्याकडे क्वचितच असे, पण रात्री नेमाने परत येई. त्या छावणीत अनेकांच्या अनेक वस्तू हरवल्या. हा हरवला नाही, कारण तो प्रत्येकाला आपलाच वाटत होता.

अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी त्या दोन महिन्यांत लाखाहून अधिक भारतीयांना मुंबईला आणले, हे सर्वश्रुत आहे. मीही त्यांतलाच एक. घरी पोचलो तेव्हा जवळ होते पासपोर्ट, सर्टिफिकिटे, दोन कपडे आणि चाकू. जे जे 'खराब होईल' म्हणून जपून ठेवले होते ते सगळे कुवेतला राहिले. जे रोज वापरात होते तेवढे बरोबर आले. १९९२ साली पुन्हा आखातात नोकरी धरली, तेव्हापासून नवी वस्तू घरात आली की मी ती त्याच दिवशी वापरायला काढतो.

निगा

वापरायचे म्हणजे हेळसांड करायची, असे नव्हे. आखातात चाकूचे दोन शत्रू : वाळू आणि खारी दमट हवा. 'स्टेनलेस' म्हणजे कधीच न गंजणारे, ही समजूत चुकीची आहे. पाते धार धरण्यासाठी त्या पोलादात अर्धा टक्का कार्बन घालतात, म्हणूनच सुमारे चौदा टक्के क्रोमियम असूनही लिंबाचा रस किंवा समुद्राचे पाणी रात्रभर राहिले तर त्याला डाग पडतात. काम झाले की पाते धुऊन कोरडे करावे, एवढे साधे पथ्य.

पाते उघडताना करकर वाजले की सांध्यात वाळू गेली असे समजावे. सगळी हत्यारे अर्धवट उघडून चाकू कोमट पाण्यात धरावा, प्रत्येक पाते पाण्यातच दहा-बारा वेळा उघडमीट करावे, मग झटकून पूर्ण वाळवावा आणि प्रत्येक सांध्यात तेलाचा एकच थेंब सोडावा. तेल कोणते? आपल्या बायका शिवणयंत्राला घालतात ते सांध्यांना चालते. पण जे पाते अन्नाला लागते त्यासाठी औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन चांगले. खोबरेल घालू नये. ते चोवीस अंशांच्या खाली थिजते, आणि आपल्या इकडच्या एअरकंडिशन केलेल्या खोल्यांत चाकू जाम होऊन बसतो. गोडेतेल तर काही दिवसांत चिकट होते आणि वाळू धरून ठेवते.

धारेचे शास्त्र लोक उगाच अवघड करतात. बारीक दाण्याचा निसणा घ्यावा, ओला करावा आणि पाते त्यावर पंधरा ते वीस अंशांच्या कोनात धरावे. कोन मोजायला कोणी कंपासपेटी आणत नाही. पात्याची पाठ दगडापासून चारेक मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन नाणी एकावर एक ठेवल्याएवढी उचलावी. मग दगडाचा पातळ पापुद्रा कापायचा आहे अशा बेताने, हलक्या हाताने, एका बाजूने दहा वेळा आणि दुसऱ्या बाजूने दहा वेळा. जोर लावू नये. पिकलेल्या टोमॅटोची साल न दाबता कापली गेली की धार आली. रस्त्यावरच्या चाकावर असा चाकू देऊ नये. ते चाक पाते तापवते आणि एका वेळेला वर्षभराचे पोलाद खाते. माझे मोठे पाते चाळीस वर्षांत झिजून चांगलेच अरुंद झाले आहे, पण ते निसण्याने झिजले आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. चाकूतली सगळी हत्यारे एकाच कठीणपणाची नसतात. कारखाना मोठ्या पात्याला रॉकवेल मापावर ५६ चा कठीणपणा देतो; करवत आणि कात्रीला ५३, स्क्रू-ड्रायव्हर आणि आरीला ५२, मळसूत्राला आणि स्प्रिंगांना ४९. पाते कठीण, म्हणून धार टिकते. पण कठीण म्हणजे ठिसूळही. डब्याचे झाकण उचकटायला पात्याचे टोक घातले तर ते मोडते. स्क्रू-ड्रायव्हर थोडा मऊ, म्हणून तो वाकण्याचा ताण सोसतो. ज्याचे काम त्याला सांगावे, हा नियम माणसांइतकाच हत्यारांनाही लागू आहे.

कात्रीची लहान स्प्रिंग काही वर्षांनी तुटते. ती वेगळी मिळते आणि बदलता येते. दातकोरणे आणि चिमटाही सुटे मिळतात. दातकोरणे सर्वांत आधी हरवते. त्यासाठी चाकू निकामी झाला म्हणून कपाटात टाकू नये.

त्याला काय येत नाही

या चाकूला मर्यादा आहेत. एक, मोठे पाते उघडल्यावर त्याला अडकण नसते. फक्त स्प्रिंगचा ताण. म्हणून टोकाने टोचायचे काम पात्याला देऊ नये. ते मिटते आणि बोट सापडते. टोचायला आरी आहे. दोन, त्याला पक्कड येत नाही. अगदी बारीक पक्कड काही प्रकारांत असते, पण ती नळाच्या नटाला पुरत नाही.

ही उणीव दूर झाली तिची हकीकत आपल्या शेजारची आहे. टिम लेदरमन नावाचा अमेरिकन तरुण १९७५ साली पत्नीसह जुन्या फियाट मोटारीतून युरोप आणि पश्चिम आशियाच्या सफरीवर निघाला होता. खर्च कमी, म्हणून स्वस्तातली हॉटेले. मोटार वारंवार बिघडे, आणि तेहरानच्या हॉटेलात नळ गळू लागला. त्याच्या खिशात घडीचा चाकू होता, पक्कड नव्हती. चाकूत पक्कड का असू नये, असे त्याच्या मनात आले. घरी जाऊन तो कामाला लागला; पण कारखानदार म्हणत ही हत्यारे आहेत, चाकू नव्हे, आणि हत्यारवाले म्हणत हा चाकू आहे. अखेर आठ वर्षांनी, १९८३ साली, त्याची पहिली घडीची पक्कड बाजारात आली. ज्यांचे काम यंत्रांशी आहे त्यांनी ती घ्यावी. स्वयंपाकघर, प्रवास आणि मुलेबाळे असलेल्या घराला स्विस चाकू बरा.

विमान आणि कायदा

परदेशात राहणाऱ्याने हा भाग विसरू नये. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानात हातातल्या बॅगेत चाकू नेण्यावर सर्वत्र बंदी आली. विमानतळांवरच्या दुकानांत खपणारा हा माल बंद झाला आणि कंपनीची चाकूंची विक्री सुमारे तीस टक्क्यांनी घसरली. तरीही ईबाखच्या कारखान्याने माणसे कमी केली नाहीत. काहींना तात्पुरते आसपासच्या कंपन्यांत कामाला पाठवले. पुढे २०२४ मध्ये कंपनीने पाते नसलेल्या चाकूवरही काम चालू असल्याचे सांगितले. पाते नसलेल्याला चाकू म्हणावे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

आपल्यापुरते एवढे पक्के ठेवावे की, प्रवासाच्या आदल्या रात्री चाकू काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेत टाकायचा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा वडिलांकडून आलेला चाकू तपासणीच्या टेबलावर राहिला. शंभर ग्रॅमची वस्तू, पण विमानभर ते बोलले नाहीत.

रस्त्यावर जवळ बाळगण्याचे नियम देशोदेशी वेगळे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, अडकण नसलेला घडीचा चाकू जवळ ठेवता येतो. पात्याला अडकण असेल तर सबळ कारण लागते. भारतात शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती आणि बटणाचे चाकू येतात. आखातात प्रत्येक देशाचा आणि प्रत्येक मॉलचा नियम वेगळा. विचारून घ्यावे, आणि शाळा, कचेऱ्या, समारंभ येथे चाकू घरीच ठेवावा.

खंडेनवमीचा मुहूर्त

मुलांच्या हातात चाकू कधी द्यावा, असे अनेकजण विचारतात. वयाचा आकडा सांगता येत नाही. तीन गोष्टी जमल्या की द्यावा. कापताना धार शरीरापासून दूर जाईल असे धरणे, हातभर अंतरात कोणी नाही हे पाहणे आणि दुसऱ्याला देताना मिटून देणे. आमच्या घरी म्हणत, चाकू हातातून हातात देऊ नये, भांडण होते. खाली ठेवावा, दुसऱ्याने उचलावा. भांडणाचे माहीत नाही, पण त्यामुळे बोटे शाबूत राहिली हे खरे. माझी नात आठव्या वर्षी माझ्या देखरेखीखाली आकाशकंदिलाच्या काड्या तासायला शिकली. आता घरातल्या कुकरची मूठ तीच घट्ट करते.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. कारखान्यात यंत्रांना हार घालतात, घरी विळी-कोयती पुसून मांडतात. मी त्या दिवशी चाकू पूर्ण उघडून धुतो, तेल देतो, धार लावतो आणि मग गंध-फूल वाहतो. या क्रमाला महत्त्व आहे. बोथट, गंजक्या हत्याराला फूल वाहून काय उपयोग?

तेव्हा येत्या खंडेनवमीची वाटही न पाहता कपाट उघडा. चाकूची पाती घट्ट बसली असतील तर कोमट पाणी आणि तेलाचा थेंब सांगितलाच आहे. गावी भावाकडे, मेव्हण्याकडे दिलेला चाकू अजून खोक्यात असेल, तर या सुट्टीत गेल्यावर मागून घ्या, त्यांच्यादेखत त्याने एक आंबा चिरा आणि उघडाच परत टेबलावर ठेवा. एकदा आंब्याचा रस लागला की मग तो चाकू शोकेसमध्ये परत जात नाही.